आशय-व्यवस्थापन प्रणाली

संकेतस्थळावरील मजकूर, चित्रे, सूचना, दस्तऐवज इ. आशय लिहिणे, बदलणे, तपासणे, प्रसिद्ध करणे व जतन करणे ही कामे संगणकीय आज्ञावली लिहिण्याचे ज्ञान नसलेल्या व्यक्तीलाही करता यावीत, म्हणून योजलेल्या आज्ञावलींच्या संचास आशय-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. व्यवहारात तिचा उल्लेख ‘सीएमएस’ या आद्याक्षरांनी होतो. आशय आणि त्याची मांडणी परस्परांपासून अलग ठेवणे, हे या प्रणालीचे मूलतत्त्व होय. मांडणी तंत्रज्ञ एकदाच ठरवितो. आशय मात्र संस्थेतील लिपिक, शिक्षक, वार्ताहर किंवा दुकानदार दररोज बदलू शकतो. संकेतस्थळ बांधून देणारा व ते ज्याच्या नावावर चालते तो ग्राहक यांच्यापैकी मजकुरावर प्रत्यक्ष ताबा कोणाचा, हा प्रश्न या प्रणालींच्या इतिहासात आरंभापासून आढळतो. प्रणालीची निवड हा म्हणूनच केवळ तांत्रिक निर्णय राहत नाही.

पूर्वपीठिका : जिनीव्हाजवळील सर्न या यूरोपीय अणुसंशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली (१९५५– ) यांनी मार्च १९८९ मध्ये माहितीच्या परस्परसंबद्ध जाळ्याचा प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या अखेरीस वर्ल्ड वाइड वेबचे पहिले संकेतस्थळ कार्यान्वित केले. नेक्स्ट या संगणकावर त्यांनी तयार केलेली पहिली आज्ञावली वाचन व लेखन या दोन्ही कामांसाठी होती. वाचकाच्या समोर असलेले पृष्ठ त्याच खिडकीत दुरुस्त करता यावे, अशी तिची रचना होती; मात्र लेखकाला आपल्या आवाक्यातील फाइलीच त्यात बदलता येत. नेक्स्टवर लेखनाची तयार साधने उपलब्ध होती, तशी ती इतर संगणकांवर नव्हती. त्यामुळे वेब अन्य संगणकांवर नेताना संपादनाचा भाग मागे पडला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या राष्ट्रीय केंद्रात मार्क अँड्रीसन व एरिक बिना यांनी १९९३ मध्ये तयार केलेल्या मोझेइक या ब्राउझरने वेबला लोकप्रियता मिळवून दिली. परंतु त्यात पृष्ठाचे संपादन करण्याची सोय नव्हती. अशा रीतीने वाचणारा व लिहिणारा यांची फारकत झाली आणि ती पुढे प्रदीर्घ काळ टिकली.

आरंभीचे प्रत्येक पृष्ठ म्हणजे एचटीएमएल या खूणभाषेत लिहिलेली एक स्वतंत्र फाइल असे. ती हाताने लिहून एफटीपीच्या साहाय्याने सर्व्हरवर चढवावी लागे. दूरध्वनी क्रमांक बदलला, तर तो ज्या ज्या पृष्ठांच्या तळाशी छापला असेल ती सर्व पृष्ठे एकेक करून सुधारावी लागत. हे काम करणाऱ्याला ‘वेबमास्टर’ अशी संज्ञा मिळाली. ग्राहकाने मजकूर टंकलिखित करून किंवा फॅक्सने पाठवावयाचा, वेबमास्टरने तो सवडीने चढवावयाचा आणि प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे देयक द्यावयाचे, असा क्रम रूढ झाला. परिणामी अनेक संकेतस्थळे उद्‌घाटनानंतर जशीच्या तशी राहत व संपून गेलेल्या कार्यक्रमांची निमंत्रणे त्यांवर वर्षानुवर्षे झळकत.

या अडचणीवर दोन दिशांनी उपाय शोधले गेले. पहिला उपाय दृश्य संपादकाचा होता. व्हर्मीअर या कंपनीने १९९५ मध्ये आणलेली फ्रंटपेज ही आज्ञावली मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये विकत घेतली. मॅक्रोमीडियाची ड्रीमवीव्हर १९९७ मध्ये आली. यांत पृष्ठ छापील कागदासारखे समोर दिसे व खूणभाषा न शिकताही लिहिता येई. तथापि या आज्ञावली ग्राहकाच्या संगणकावर बसवाव्या लागत, फ्रंटपेजच्या कित्येक सोयींसाठी सर्व्हरवरही विशेष जोड लागे आणि नवख्या हातून मांडणी मोडण्याचा धोका राही. हा धोका टाळण्यासाठी मॅक्रोमीडियाने २००२ मध्ये काँट्रिब्यूट ही आज्ञावली काढली. तीत आराखडा अभिकल्पकाच्या ताब्यात राही आणि ग्राहकाला नेमून दिलेल्या जागीच मजकूर बदलता येई. मॅक्रोमीडिया ज्या अडोबी कंपनीत २००५ मध्ये विलीन झाली, तिने काँट्रिब्यूट २०१७ मध्ये बंद केली.

दुसरा उपाय अधिक मूलगामी होता. पृष्ठ आधीच लिहून न ठेवता, वाचकाने मागणी करताच ते सर्व्हरने तयार करावे, अशी ती कल्पना होती. सीजीआय या १९९३ च्या योजनेमुळे सर्व्हरवरील आज्ञावली चालवून तिचे फलित ब्राउझरकडे धाडणे शक्य झाले. रासमुस लेरडॉर्फ (१९६८– ) यांनी आपल्या वैयक्तिक पृष्ठासाठी लिहिलेली साधने १९९५ मध्ये पीएचपी या नावाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मायएसक्यूएल हा डेटाबेस व अपाची हा सर्व्हरही पुढे आला. ही तिन्ही साधने अल्पखर्चात अथवा विनामूल्य मिळत. साध्या होस्टिंग कंपन्यांनीही ती उपलब्ध करून दिल्यामुळे पुढील दशकातील बहुतेक लोकप्रिय प्रणालींचा पाया त्यांवर रचला गेला.

कार्यपद्धती : प्रणालीचे सामान्यतः तीन भाग असतात. पहिला भाग डेटाबेस. त्यात लेखाचे शीर्षक, मजकूर, लेखकाचे नाव, दिनांक, वर्ग इ. बाबी निरनिराळ्या रकान्यांत साठविलेल्या असतात. दुसरा भाग साच्यांचा. शीर्षक कोठे यावे, चित्र केवढे असावे, तळाशी काय असावे, हे साचा ठरवितो. तिसरा भाग प्रशासनकक्षाचा असून तो पासवर्डने उघडतो व त्यात लेखनाची चौकट, प्रसिद्धीची कळ आणि अधिकारांची वाटणी असते. वाचकाची मागणी येताच प्रणाली डेटाबेसमधून आशय उचलते, साच्यात भरते व सिद्ध झालेले पृष्ठ धाडते. दूरध्वनी क्रमांक एकाच ठिकाणी नोंदलेला असल्याने तो एकदा बदलला की सर्वत्र बदलतो. साचा बदलल्यास हजारो लेखांना एकाही अक्षराची दुरुस्ती न करता नवे रूप मिळते.

अधिकारांची वाटणी हा प्रणालीचा एक महत्त्वाचा विशेष होय. लेखकाने मसुदा लिहावा, संपादकाने तो तपासून प्रसिद्ध करावा व प्रशासकाने केवळ यंत्रणा सांभाळावी, अशी वृत्तपत्राच्या कचेरीतील श्रमविभागणी येथे आज्ञावलीत उतरलेली दिसते. बहुतेक प्रगत प्रणाली प्रत्येक बदलाची जुनी आवृत्ती राखून ठेवतात. चूक झाल्यास ती परत आणता येते आणि कोणी केव्हा काय बदलले, याची नोंदही राहते.

व्यापारी प्रणाली : मोठ्या प्रमाणावर मजकूर प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांना या साधनांची निकड प्रथम भासली. अमेरिकेतील सीनेट या वृत्तसंस्थेने स्वतःसाठी घडविलेल्या यंत्रणेच्या आधारे टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथील व्हिनेट या कंपनीने स्टोरीसर्व्हर ही प्रणाली १९९६ च्या सुमारास बाजारात आणली. इंटरवोव्हन, डॉक्युमेंटम आदी कंपन्यांची उत्पादनेही याच काळात प्रतिष्ठा पावली. त्यांचा परवाना, उभारणी व सल्लागारांचे शुल्क मिळून खर्च लाखो डॉलरच्या घरात जाई. त्यामुळे त्या बँका, वृत्तपत्रे व मोठ्या उद्योगांपुरत्याच मर्यादित राहिल्या. पुढे डॉक्युमेंटम २००३ मध्ये ईएमसीने, तर व्हिनेट व इंटरवोव्हन २००९ मध्ये अनुक्रमे ओपन टेक्स्ट व ऑटोनॉमी या कंपन्यांनी घेतल्या. ज्या ग्राहकांनी या प्रणालींवर आपला सर्व आशय उभारला होता, त्यांच्या दृष्टीने विक्रेत्याची मालकी बदलणे ही मोठी अनिश्चितता ठरली. मूळ आज्ञावली त्यांच्या हाती नव्हती.

मुक्तस्रोत प्रणाली : ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणालाही पाहता, वापरता, बदलता व वाटता येतो, तिला मुक्तस्रोत म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेल्या जीपीएल या परवान्याने असा हक्क पुढच्या प्रत्येक आवृत्तीलाही बांधून दिला. या परवान्याचे व्यावहारिक मोल आशय-व्यवस्थापन प्रणालींच्या इतिहासात वारंवार प्रत्ययास आले.

वॉर्ड कनिंगहॅम (१९४९– ) यांनी मार्च १९९५ मध्ये सुरू केलेल्या विकिविकिवेब या स्थळाने कोणत्याही वाचकाला ब्राउझरमधूनच पृष्ठ बदलण्याची मुभा दिली. बर्नर्स-ली यांची मूळ कल्पना अशा प्रकारे निराळ्या मार्गाने परत आली. डेन्मार्कच्या कास्पर स्कारहोय यांची टायपोथ्री, पायथन भाषेतील झोप व तिच्या आधारे उभी राहिलेली प्लोन या प्रणाली विसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आल्या. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाचे विद्यार्थी ड्रीस बाउटार्ट (१९७८– ) यांनी वसतिगृहातील मित्रांसाठी लिहिलेली आज्ञावली जानेवारी २००१ मध्ये ड्रुपल या नावाने खुली केली. थेंब या अर्थाच्या डच शब्दावरून हे नाव पडले. गुंतागुंतीची वर्गवारी व अधिकारांची सूक्ष्म विभागणी यांमुळे विद्यापीठे व शासकीय संस्था ड्रुपलकडे वळल्या. अमेरिकेच्या व्हाइट हाउसने २००९ मध्ये तिचा स्वीकार केला व २०१७ मध्ये वर्डप्रेसकडे स्थलांतर केले.

ऑस्ट्रेलियातील मिरो कंपनीने आरंभलेली माम्बो ही प्रणाली नियंत्रणाच्या वादात सापडली, तेव्हा ऑगस्ट २००५ मध्ये तिच्या प्रमुख विकासकांनी कंपनीशी संबंध तोडले आणि त्याच आज्ञावलीपासून जूमला ही नवी प्रणाली सुरू केली. ‘सर्व मिळून’ या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून हे नाव घेतलेले आहे. त्याचे मूळ अरबी असून जुन्या मराठी हिशेबात एकूण रकमेसाठी येणारा ‘जुमला’ हा शब्द त्याच कुळातला होय.

वर्डप्रेसची कथाही अशीच बोधप्रद आहे. मिशेल वाल्द्रिगी यांनी २००१ मध्ये लिहिलेली बी-टू ही आज्ञावली पुढे निगेविना पडून राहिली. ती जीपीएल परवान्याखाली असल्याने अमेरिकेतील मॅट मलनवेग (१९८४– ) व इंग्लंडमधील माइक लिटल यांना ती उचलून पुढे चालविता आली. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. त्या वेळी मूव्हेबल टाइप ही प्रणाली अधिक प्रचलित होती. तिच्या मालकांनी मे २००४ मध्ये विनामूल्य वापरावर मर्यादा घालताच असंख्य वापरकर्ते वर्डप्रेसकडे वळले. वर्डप्रेसमध्ये २००४ साली प्लगइनांची, २००५ मध्ये स्थिर पृष्ठे व थीम यांची आणि २०१० मध्ये स्वतंत्र आशयप्रकारांची सोय झाली. त्यामुळे दैनंदिनीसाठी जन्मलेली ही आज्ञावली संस्थांच्या संकेतस्थळांसाठीही पुरेशी ठरली. २०२१ पर्यंत जगातील संकेतस्थळांपैकी सुमारे चाळीस टक्के तिच्यावर चालत होती.

मराठी व भारतीय भाषा : मराठी संकेतस्थळांना या प्रणालींचा लाभ मिळण्यापूर्वी लिपीचा प्रश्न सुटणे आवश्यक होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत बांधलेला असे. पडद्यावर देवनागरी दिसली, तरी साठविलेली चिन्हे प्रत्येक फाँटात वेगळी असत. त्यामुळे असा मजकूर शोधता येत नसे व दुसऱ्या प्रणालीत नेता येत नसे. युनिकोड या संकेतनात १९९१ पासून देवनागरीचा अंतर्भाव होता. परंतु संगणकावर ती नीट उमटण्यासाठी विंडोज २००० सारख्या कार्यप्रणालींची वाट पाहावी लागली. मायएसक्यूएलमध्ये युनिकोडची रीतसर सोय ४·१ या आवृत्तीपासून, म्हणजे २००४ च्या सुमारास झाली. डेटाबेस जुन्या संकेतनावर ठेवल्यास मराठी अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग उमटे व मूळ मजकूर कायमचा नष्ट होई.

अमेरिकेतील मराठी भाषकांनी १९९६ मध्ये सुरू केलेली मायबोली तसेच पुढील दशकातील मनोगत व मिसळपाव ही संकेतस्थळे ड्रुपलच्या आधारे चालली. मराठीतून थेट टंकन करण्याची साधने त्यांना जोडली गेल्याने हजारो वाचक लेखक झाले. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, तो मीडियाविकी या प्रणालीवर. तथापि सर्व अडचणी संपल्या असे नव्हे. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट व्यापते आणि पत्त्यात लिहिताना त्याची नऊ रोमन चिन्हे होतात. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्यासाठी दोनशे चिन्हांची मर्यादा पाळते. त्यामुळे काना-मात्रा धरून सुमारे बावीस चिन्हांनंतर मराठी शीर्षक पत्त्यात अर्ध्यावर तुटते. परभाषेच्या मोजमापाने बांधलेल्या साधनांच्या अशा मर्यादा निवडीच्या वेळीच तपासून पाहणे इष्ट असते.

शासकीय संस्थांच्या बाबतीत अद्ययावत मजकूर ही कायद्याची अपेक्षा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली रचना, कर्तव्ये, अधिकारी, अर्थसंकल्प इ. सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध करून त्या दरवर्षी अद्ययावत ठेवावयाच्या असतात. भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली व २०१८ आणि २०२३ मध्ये ती सुधारण्यात आली. आशय कोणी द्यावा, कोणी तपासावा, कोणी संमत करावा, त्याचा फेरआढावा केव्हा घ्यावा आणि जुना आशय कोठे जतन करावा, यांविषयी प्रत्येक खात्याचे लेखी धोरण असावे, असे त्यांत अभिप्रेत आहे. जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने एकच सामाईक प्रणाली उपलब्ध केल्याने रचनेत व सुरक्षिततेत एकसारखेपणा आला. मात्र कर्मचाऱ्याची बदली होताच पासवर्ड व कामाची जबाबदारी दुसऱ्याकडे रीतसर सोपविली गेली नाही, तर उत्तम प्रणालीवरील मजकूरही शिळा होतो.

सुरक्षितता : स्थिर फाइलींच्या काळात नसलेला एक धोका या प्रणालींबरोबर आला. सर्व्हरवर सतत चालणारी आज्ञावली म्हणजे बाहेरून ठोठावता येणारे दारच असते. एकच प्रणाली लक्षावधी स्थळे वापरत असल्याने तिच्यातील एक छिद्र सापडले, की सर्वांवर स्वयंचलित हल्ला करता येतो. ड्रुपल ७ मधील डेटाबेसविषयक गंभीर दोष १५ ऑक्टोबर २०१४ रोजी दुरुस्तीसह जाहीर झाला. ज्यांनी सात तासांच्या आत ती दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपले स्थळ घुसखोरांच्या हाती गेले असे समजावे, असा इशारा प्रकल्पाच्या सुरक्षा गटाला त्यानंतर द्यावा लागला. वर्डप्रेसने ऑक्टोबर २०१३ पासून लहान सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसविण्याची योजना केली. अनेक घुसखोरींचे कारण मूळ प्रणालीत नसून तिला जोडलेल्या, निगा सुटलेल्या प्लगइनांत व थीममध्ये असल्याचे दिसून येते. म्हणून संकेतस्थळ बांधण्याच्या खर्चाइतकाच त्याच्या वार्षिक निगेचा खर्चही करारात धरावा लागतो.

निवडीचे निकष : ग्राहकासाठी प्रणाली निवडताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातात. पहिली बाब गरजेची. वर्षातून दोनदा बदलणाऱ्या चार पृष्ठांसाठी डेटाबेसवरील प्रणाली उभारणे हे अनाठायी ओझे होय; उलट दररोज परिपत्रके काढणाऱ्या कार्यालयाला ती अपरिहार्य असते. दुसरी बाब वापरणाऱ्याची. प्रणालीची परीक्षा अभिकल्पकाने नव्हे, तर प्रत्यक्ष मजकूर भरणाऱ्या कर्मचाऱ्याने करणे योग्य ठरते. प्रशासनकक्षात अनावश्यक कळांची गर्दी असल्यास तो पुन्हा तंत्रज्ञाकडे वळतो व प्रणालीचा मूळ हेतू विफल होतो. तिसरी बाब मालकीची. स्थळाचे नाव, होस्टिंगचे खाते व प्रशासकाचा पासवर्ड ग्राहकाच्या नावावर नसल्यास मुक्तस्रोत प्रणालीही त्याला परावलंबीच ठेवते. एखाद्या अभिकल्पकाने स्वतःपुरती लिहिलेली प्रणाली सुटसुटीत असते. मात्र तो व्यवसाय सोडून गेल्यास ती दुरुस्त करणारा दुसरा कोणी मिळत नाही.

चौथी बाब निर्गमनाची, म्हणजे आशय बाहेर काढण्याच्या सोयीची होय. जिओसिटीज ही १९९४ मध्ये सुरू झालेली सेवा याहूने १९९९ मध्ये घेतली व ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत बंद केली, तेव्हा सामान्य लोकांनी बांधलेली लक्षावधी पृष्ठे नाहीशी झाली. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनी वाचविली तेवढीच शिल्लक राहिली. विक्स, स्क्वेअरस्पेस यांसारख्या सेवांत होस्टिंग, साचे व निगा एकत्र मिळत असल्याने लहान व्यावसायिकांना त्या सोयीच्या वाटतात. पण अशा सेवांमधून मजकूर निघाला, तरी मांडणी सहसा बरोबर नेता येत नाही. मुक्तस्रोत प्रणालीतही स्थलांतर सोपे असतेच असे नाही. ड्रुपल ८ (२०१५) ची अंतर्रचना आधीच्या आवृत्तीहून इतकी वेगळी होती, की जुन्या स्थळांची जवळजवळ नव्याने उभारणी करावी लागली. ड्रुपल ७ चा आधार वारंवार वाढवून अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी थांबविण्यात आला.

अलीकडील प्रवाह : प्रणालींचा वाढता भार व सुरक्षिततेची चिंता यांमुळे स्थिर फाइलींकडे परतण्याचा एक प्रवाह दिसतो. टॉम प्रेस्टन-वर्नर यांची जेकिल (२००८) ही आज्ञावली साध्या मजकुराच्या फाइलींपासून संपूर्ण स्थळ आधीच तयार करून ठेवते. असे स्थळ वेगवान व सुरक्षित असते. परंतु सामान्य ग्राहकासाठी लेखनाची चौकट त्याला वेगळी जोडावी लागते. ‘हेडलेस’ म्हणविल्या जाणाऱ्या प्रणाली आशय केवळ साठवितात व पुरवितात. तो संकेतस्थळावर, मोबाइल अ‍ॅपवर किंवा अन्यत्र कसा दिसावा, हे दुसरी आज्ञावली ठरविते. वर्डप्रेसने डिसेंबर २०१८ मध्ये गुटेनबर्ग नावाचा ठोकळ्यांचा संपादक आणला. त्यामुळे मांडणीचा काही ताबा पुन्हा लेखकाकडे आला आणि आशय व मांडणी यांतील सीमारेषा पुसट झाली.

मुक्तस्रोत परवाना सर्व परावलंबन दूर करीत नाही, हेही दिसून आले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मलनवेग व डब्ल्यूपी एंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात वाद उद्‌भवला. तेव्हा प्लगइनांच्या मध्यवर्ती भांडारात कंपनीला प्रवेश नाकारण्यात आला आणि तिच्या ग्राहकांची अद्ययावतीकरणे अडली. डिसेंबरमध्ये अमेरिकी न्यायालयाने तो प्रवेश अंतरिम आदेशाने पूर्ववत केला. आज्ञावली मुक्त असली, तरी तिचे वितरण एका हाती असू शकते, ही बाब या प्रसंगाने स्पष्ट झाली.

प्रणाली बदलत राहतात. एखाद्या संस्थेचा आशय मात्र त्यांपैकी कोणत्याही एकीपेक्षा अधिक काळ टिकावा लागतो. नियमित प्रतिलिपी, प्रमाण संकेतनातील मजकूर, ग्राहकाच्या नावावरील खाती व मजकुरासाठी नेमून दिलेली जबाबदार व्यक्ती या चार गोष्टी असल्यास प्रणाली बदलूनही आशय हाती राहतो.